तज्ज्ञांचे प्रमाण आणि ‘परिणामकारक’ हा शब्द : १९५८ च्या जिनीव्हा अहवालाचे पुनर्वाचन

अणुचाचणीबंदीच्या वाटाघाटींचा इतिहास लिहिणारे बहुतेक ग्रंथकार १९५८ च्या उन्हाळ्यात जिनीव्हास भरलेल्या तज्ज्ञ-परिषदेपाशी थोडे थबकतात आणि तिच्याविषयी दोहोंपैकी एक निवाडा देऊन पुढे जातात. पहिला निवाडा असा की, विज्ञानाची भाषा सर्वत्र एकच असल्यामुळे पूर्व व पश्चिम गोटांतील शास्त्रज्ञांचे सात आठवड्यांत एकमत झाले आणि मुत्सद्द्यांनी पुढची पाच वर्षे घालवून ते मातीस मिळविले. दुसरा निवाडा याच्या उलट आहे. शास्त्रज्ञांचा सल्ला निखळ तांत्रिक असतो हा समजच भोळेपणाचा होय. जिनीव्हास जमलेल्या प्रत्येकाच्या तांत्रिक मतात त्याची राजकीय गृहीते मिसळलेली होती आणि म्हणूनच ते एकमत टिकले नाही, असे हा पक्ष म्हणतो. रॉबर्ट गिल्पिन यांच्या १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अमेरिकन सायंटिस्ट्स अँड न्यूक्लिअर वेपन्स पॉलिसी’ या ग्रंथाने या दुसऱ्या निवाड्यास व्यवस्थित रूप दिले, आणि आमच्या अभ्यासक्रमांतून आज प्रायः तोच शिकविला जातो.

प्रस्तुत लेखकास हे दोन्ही निवाडे अपुरे वाटतात. दोहोंतही लक्ष आहे ते शास्त्रज्ञांच्या मनाकडे. ते शुद्ध होते की नव्हते याकडे. त्यांनी जो अहवाल लिहिला तो शब्दशः वाचण्याचे कष्ट त्या मानाने थोड्यांनी घेतले आहेत. तो वाचला म्हणजे असे दिसते की, घोटाळा मनात असो वा नसो, वाक्यात निश्चित होता.

परिषदेची पार्श्वभूमी थोडक्यात सांगितली पाहिजे. ३१ मार्च १९५८ रोजी सोव्हिएट संघाने आपल्या चाचण्या एकतर्फी थांबविल्याचे जाहीर केले. करार झाल्यास तो मोडणारा पकडता येईल काय, हा प्रश्न तेव्हा अमेरिकेपुढे होता. एप्रिलअखेर अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी ख्रुश्चॉव्ह यांस सुचविले की, आधी तज्ज्ञांनी बसून एवढ्याच प्रश्नाचा विचार करावा. १ जुलै रोजी बैठका सुरू झाल्या व २१ ऑगस्ट रोजी संपल्या. एका बाजूस अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स व कॅनडा. दुसऱ्या बाजूस सोव्हिएट संघ, पोलंड, चेकोस्लोव्हाकिया व रुमानिया. अमेरिकन पथकाचे प्रमुख होते बेल टेलिफोन प्रयोगशाळेतील जेम्स फिस्क. त्यांच्यासमवेत रॉबर्ट बाकर व अर्नेस्ट लॉरेन्स होते. (लॉरेन्स परिषदेच्या काळातच आजारी पडले आणि मायदेशी परतल्यावर ऑगस्टअखेर निधन पावले.) ब्रिटनने विल्यम पेनी व जॉन कॉकक्रॉफ्ट यांस धाडले होते. सोव्हिएट पथकाचे प्रमुख येव्हगेनी फेदोरॉव्ह हे भूभौतिकशास्त्रज्ञ. तरुणपणी उत्तर ध्रुवाजवळच्या तरंगत्या हिमखंडावर वेधशाळा चालविणाऱ्या चौघांपैकी ते एक. पण त्यांच्या शेजारी सेम्योन त्सारापकिन हे मुरलेले मुत्सद्दीही सभासद म्हणून बसले होते. पाश्चात्य पथकांत शास्त्रज्ञ मुख्य आणि परराष्ट्र खात्याची माणसे मागच्या रांगेत. या मांडणीतील फरकावर गिल्पिनप्रभृतींनी बराच भर दिला आहे व तो अस्थानी नाही. राजकीय प्रश्न खोलीत येणारच हे सोव्हिएट सरकारने ओळखले होते. अमेरिकन सरकारने तो दाराबाहेर ठेवता येईल असे मानले.

आता अहवालाकडे वळू. त्यातील तांत्रिक भाग आजही वाचनीय आहे. वातावरणातील स्फोटाचा ध्वनी, त्याची किरणोत्सर्गी राख, समुद्रातील स्फोटाच्या लहरी यांविषयी फारसा वाद नव्हता. अडचण होती ती भूगर्भातील स्फोटाची. तेथे राख वर येत नाही; मागे उरतो तो भूकंपमापकावरचा कंप, आणि पृथ्वीच्या पोटात भूकंप तर वर्षाकाठी हजारोंनी होतात. स्फोट व भूकंप यांतील भेद ओळखण्याची जी खूण तज्ज्ञांनी मुख्य मानली ती समजण्यास सोपी आहे. स्फोट सभोवतालच्या खडकास सर्व दिशांनी बाहेर लोटतो, म्हणून दूरच्या सर्व ठाण्यांवर जमिनीची पहिली हालचाल वरच्या दिशेने नोंदली जाते. भूकंपात खडकाचे दोन भाग एकमेकांवरून सरकतात, म्हणून काही ठाण्यांवर पहिला धक्का वर, तर काहींवर खाली. कंप जोरकस असेल तर ही पहिली हालचाल स्पष्ट दिसते. दुबळा असेल तर ती जमिनीच्या नित्याच्या थरथरीत बुडून जाते.

याच्या आधारे परिषदेने जगभर भूपृष्ठावर १६० ते १७० नियंत्रण-ठाणी व सुमारे १० जहाजे यांचे जाळे कल्पिले. भूकंपप्रवण प्रदेशांत ठाण्यांमधील अंतर सुमारे १,००० किलोमीटर, इतरत्र १,७०० किलोमीटर. प्रत्येक ठाण्यावर तीसएक माणसे. अशा जाळ्याने ५ किलोटन स्फोटाच्या तोडीचे सुमारे ९० टक्के भूकंप भूकंप म्हणून ओळखता येतील. वर्षाकाठी २० ते १०० घटना संशयास्पद राहतील आणि त्यांच्यासाठी प्रत्यक्ष स्थळी जाऊन तपासणी करावी लागेल, असा अंदाज त्यांनी दिला. येथपर्यंत सारे काही तज्ज्ञांच्या अधिकारातले आहे. इतकी ठाणी दिली तर इतक्या घटना ओळखू येतील, ही सोपाधिक विधाने होत. ती खरी की खोटी हे प्रयोगाने ठरविता येते.

परंतु अहवालाचा निष्कर्ष येथे थांबत नाही. काही क्षमता व काही मर्यादा असलेली, व्यवहार्य आणि परिणामकारक अशी नियंत्रणव्यवस्था उभारणे तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे, असे तो सांगतो. ‘परिणामकारक’ हे विशेषण या वाक्यात कोठून आले? मागील पन्नास पानांतील कोणत्याही मोजमापातून ते निघत नाही. जाळ्यातून दहांपैकी नऊ मासे अडकतात हे मासेमाराला सांगता येते. एवढ्यावर घर चालेल की नाही हे घरधन्याने ठरवायचे असते. दोन-चार किलोटनांचे काही स्फोट एखाद्या राष्ट्राने चोरून केलेच, तर त्याने दुसऱ्या राष्ट्राची सुरक्षितता किती ढळेल, आणि ती ढळण्याचा धोका अनिर्बंध चाचण्यांच्या धोक्याहून मोठा की लहान, हे ठरविल्यावाचून कोणतीही व्यवस्था परिणामकारक वा निष्परिणाम म्हणता येत नाही. या प्रश्नाची चर्चा करण्याचा अधिकार परिषदेस नव्हता. म्हणून तिने ती केली नाही. तिचे उत्तर मात्र एका विशेषणात देऊन टाकले. उलट जे प्रश्न उघडउघड राजकीय होते (ठाण्यांवर माणसे कोणत्या राष्ट्राची, तपासणीचा हुकूम कोणी सोडावा, मतदान कसे व्हावे) ते अहवालाने प्रामाणिकपणे बाजूस ठेवले. राजकारण मोठ्या दाराने आले असते तर ओळखू आले असते. ते एका शब्दाच्या फटीतून आले.

दुसऱ्याच दिवशी, २२ ऑगस्टला, आयझेनहॉवर यांनी वाटाघाटींची तयारी जाहीर केली. ३१ ऑक्टोबरला मुत्सद्द्यांची परिषद सुरू झाली, आणि लगेचच त्या विशेषणाची किंमत चुकवावी लागली. भूगर्भ स्फोटाविषयी जिनीव्हातील तज्ज्ञांपाशी अनुभव होता तो जवळजवळ एकाच चाचणीचा : १९ सप्टेंबर १९५७ रोजी नेव्हाडात केलेला १.७ किलोटनांचा ‘रेनियर’ स्फोट. १९५८ च्या ऑक्टोबरात अमेरिकेने आणखी काही भूगर्भ चाचण्या केल्या. त्यांच्या नोंदींवरून असे दिसले की, पहिली हालचाल ओळखणे समजले होते त्याहून कठीण आहे आणि दिलेल्या क्षमतेच्या स्फोटाशी तुल्य असे भूकंपही अधिक होतात. जानेवारी १९५९ मध्ये ही नवी माहिती अमेरिकेने जिनीव्हात मांडली. सोव्हिएट पक्षाने ती विचारात घेण्यासच नकार दिला. एरवी विज्ञानात नवे प्रयोग झाले म्हणजे जुना आकडा बदलतो, यात कोणास विश्वासघात वाटत नाही. पण येथे आकडा बदलल्याबरोबर ‘परिणामकारक’ हा निकाल बदलला असे अमेरिकन विरोधकांनी म्हटले, आणि निकाल फिरविण्यासाठीच आकडा बदलला असे सोव्हिएट पक्षाने म्हटले. आकडा व निकाल हे प्रथमपासून वेगळे ठेवले असते तर दोन्ही आरोपांस जागा उरली नसती.

याच सुमारास आल्बर्ट लॅटर यांनी ‘मोठ्या पोकळी’चा सिद्धान्त मांडला. पुरेशा मोठ्या भूगर्भ पोकळीत स्फोट केल्यास खडक चिरडला जात नाही व कंप कमालीचा दुबळा होतो. गणिताने ही घट ३०० पटींपर्यंत जाऊ शकते. हा सिद्धान्त सोव्हिएट तज्ज्ञांस समजावून देण्याचे काम १९५९ अखेरीस हान्स बेथे यांच्याकडे आले. बेथे हे चाचणीबंदीचे पुरस्कर्ते. तथापि गणित बरोबर आहे हे पटल्यावर त्यांनी ते मांडले. समोर बसलेल्या शास्त्रज्ञांस, तुमचे राष्ट्र एवढी प्रचंड पोकळी खोदून लबाडी करील असे आम्ही धरून चालतो, हे सांगताना आपणांस अवघडल्यासारखे झाले असे त्यांनी पुढे लिहिले आहे. या साऱ्या प्रकरणात प्रस्तुत लेखकास सर्वांत आदरणीय वाटणारा प्रसंग हाच. आपल्या इष्ट धोरणास बाधक असे सत्य त्यांनी लपविले नाही, आणि त्या सत्यावरून धोरण आपोआप ठरते असेही मानले नाही. पोकळीचा सिद्धान्त पुढे प्रयोगास उतरला. मिसिसिपीतील मिठाच्या थरात १९६४ साली एका स्फोटाने पोकळी निर्माण करून १९६६ साली तीत ३८० टनांचा स्फोट करण्यात आला. घट भरली ती सुमारे ७० पट. सिद्धान्त खरा, आकडा बराच लहान. मधल्या सात वर्षांत मात्र ३०० हा आकडा वादविवादात पुष्कळ फिरला.

१९५९ च्या डिसेंबरातील तज्ज्ञ-बैठक परस्परांवरील दोषारोपांत संपली. फेदोरॉव्ह यांनी अमेरिकन तज्ज्ञांच्या सचोटीवरच आक्षेप घेतला आणि आयझेनहॉवर यांनी वर्षअखेरच्या निवेदनात सोव्हिएट तज्ज्ञांस राजकीय सूत्रांनी हलणारे ठरविले. उभयपक्षी शास्त्रज्ञांची बाहुली झाली असे म्हणण्याचा मोह येथे होतो. पण सोव्हिएट शास्त्रज्ञांतही एकजिनसीपणा नव्हता. १९६१ च्या जुलैत सखारॉव्ह यांनी चाचण्या पुन्हा सुरू करण्यास ख्रुश्चॉव्ह यांच्यासमोर विरोध केला, आणि शास्त्रज्ञांनी राजकारणात पडू नये अशी कानउघाडणी ऐकून घेतली. म्हणजे तज्ज्ञाने निकाल आपल्या बाजूचा दिला तर ते विज्ञान. विरुद्ध दिला तर राजकारणात लुडबूड!

यापुढचा प्रकार तर अधिकच बोलका आहे. संशयास्पद घटनांपैकी सोव्हिएट भूमीवर वर्षाकाठी किती तपासण्या व्हाव्यात, यावर सौदा सुरू झाला. अमेरिकेने प्रथम २० मागितल्या; मग १२ ते २०; मग ८ ते १०; १९६३ च्या फेब्रुवारीत ७. सोव्हिएट पक्ष दोन-तीनांवर अडून राहिला. जेरोम वीझनर व आर्थर डीन यांच्याशी झालेल्या संभाषणांतून तीन-चार तपासण्या अमेरिकेस पुरतील अशी आपली समजूत झाली, असे ख्रुश्चॉव्ह म्हणत. डीन यांनी ते नाकारले. आता ७ व ३ यांत तांत्रिक फरक कोणता? संशयित घटना डझनावारी असतील तर दोन्ही आकडे त्यांतील थोड्याच तपासू देतात. तपासणीचा उपयोग प्रत्येक घटना उलगडण्याचा नसून चोरास धाक राहण्याचा असतो, आणि धाकास किती पुरे हे भूकंपमापक सांगत नाही. तरीही दोन्ही राष्ट्रांचे प्रवक्ते आपापला आकडा जणू प्रयोगशाळेतून आणल्यासारखा मांडत राहिले. शेवटी ५ ऑगस्ट १९६३ रोजी मॉस्कोत जो करार झाला त्यात भूगर्भ चाचण्या वगळून प्रश्न टाळण्यात आला. एडवर्ड टेलर यांनी त्यालाही सेनेटपुढे विरोध केला. सेनेटने तो ८० विरुद्ध १९ मतांनी संमत केला.

गिल्पिन यांच्या मताचा विचार या पार्श्वभूमीवर केला पाहिजे. शास्त्रज्ञांच्या सल्ल्यात राजकीय गृहीते असतात हे त्यांचे म्हणणे खरे आहे. पण त्यावरून वाचकाने घ्यावयाचा बोध काय? तज्ज्ञाचे मत म्हणजे आणखी एका नागरिकाचे मत, एवढाच? तसे असेल तर बेथे यांनी मांडलेले पोकळीचे गणित आणि ७ तपासण्यांची मागणी एकाच पंक्तीत बसतील. आमच्या न्यायदर्शनाने या बाबतीत अधिक सूक्ष्म विचार केला आहे. शब्दाला प्रमाण मानताना नैयायिक तो शब्द आप्ताचा असावा अशी अट घालतात, आणि वस्तूचे यथार्थ ज्ञान व ते जसे आहे तसे सांगण्याची इच्छा ही आप्ताची लक्षणे मानतात. त्यांच्या मते आप्तत्व जन्मावर वा पदावर अवलंबून नाही. ज्या विषयात ही लक्षणे आढळतील त्या विषयापुरता कोणीही आप्त होतो. ‘त्या विषयापुरता’ ही मर्यादा गिल्पिन यांच्या विवेचनात धूसर होते. फिस्क व फेदोरॉव्ह हे भूकंपलहरींच्या बाबतीत आप्त होते. ‘परिणामकारक’ या शब्दाच्या बाबतीत नव्हते, आणि त्या बाबतीत कोणीच आप्त असू शकत नाही.

मात्र न्यायशास्त्राची कसोटीही येथे सर्वस्वी पुरत नाही. आप्ताने जसे आहे तसे सांगितले की नाही हे श्रोत्याने ओळखावे कसे? ज्या विषयाची मूळ नोंदच गुप्त, तेथे श्रोता निरुपाय होतो. रेनियर चाचणीचीच कथा घ्या. अमेरिकेच्या अणुशक्ती आयोगाने मार्च १९५८ मध्ये जाहीर केले की तिचा कंप फार तर २५० मैलांपर्यंत नोंदला गेला. हे खरे असते तर दूरवरून पाळत ठेवण्याची कल्पनाच निकालात निघाली असती. आय. एफ. स्टोन या एकट्या पत्रकाराने सरकारच्याच भूमापन खात्यातील भूकंपशास्त्रज्ञांकडे चौकशी केली, तेव्हा अलास्कातील, म्हणजे २,३०० मैलांवरील, ठाण्याची नोंद पुढे आली आणि आयोगास दुरुस्ती प्रसिद्ध करावी लागली. स्टोन हे काही तज्ज्ञ नव्हते. ज्या खात्याच्या नोंदी खुल्या होत्या ते खाते अस्तित्वात होते, म्हणून त्यांचे काम झाले.

पुढील सहा दशकांत तज्ज्ञांच्या शब्दाचे वजन वाढले ते याच मार्गाने. १९५९ साली लॉइड बर्कनर यांच्या समितीने भूकंपशास्त्र एवढे मागासलेले असताना त्यावर करार उभारता येणार नाही असे सांगितले, आणि १९६० नंतर एकाच बनावटीच्या भूकंपमापकांचे जाळे अमेरिकेच्या खर्चाने सुमारे साठ देशांत पसरले. त्यातील एक ठाणे पुण्यास होते. नोंदी सर्वांस मिळत. चोरटे स्फोट शोधण्यासाठी दिलेल्या या पैशातून भूपृष्ठाचे खंड सरकतात या सिद्धान्ताचा भक्कम पुरावा हाती आला, हे आनुषंगिक फळ त्या राजकारण्यांच्या स्वप्नातही नसावे. १९७४ च्या करारात चाचण्यांस १५० किलोटनांची मर्यादा ठरल्यावर सोव्हिएट संघ ती ओलांडतो असा आरोप १९८० नंतर वॉशिंग्टनमधून होऊ लागला. लिन साइक्स प्रभृती भूकंपशास्त्रज्ञांनी दाखविले की, सेमिपालातिन्स्कचा खडक जुना व थंड असल्याने तेथील स्फोटाच्या लहरी नेव्हाडापेक्षा कमी क्षीण होतात. नेव्हाडाचे माप तेथे लावले की स्फोट फुगून दिसतो. हा वाद मिटविला तो प्रत्यक्ष नोंदींनी. १९८६ साली एका अमेरिकन खाजगी संस्थेने सोव्हिएट विज्ञान अकादमीशी करार करून सेमिपालातिन्स्कभोवती तीन ठाणी मांडली. १९८८ साली दोन्ही सरकारांनी एकमेकांच्या भूमीवर एकेक स्फोट मिळून मोजला.

१९७६ पासून जिनीव्हातच काम करणाऱ्या वैज्ञानिक तज्ज्ञगटाने वीस वर्षे नोंदींची देवाणघेवाण कशी व्हावी एवढेच ठरविले, आणि कोणती व्यवस्था परिणामकारक हे सांगण्याच्या भरीस तो पडला नाही. १९९६ च्या सर्वंकष चाचणीबंदी करारात त्याचे जे फळ उतरले त्यात भूकंपठाणी आहेत ५० मुख्य व १२० सहायक, म्हणजे १७०. अडतीस वर्षांपूर्वीच्या अहवालातील वरची संख्याही तीच होती. हा केवळ योगायोग खरा, पण आधीच्या १७० ठाण्यांतून ५ किलोटन दिसतील असा अंदाज होता, तर २००६ साली उत्तर कोरियाचा एका किलोटनाहूनही लहान स्फोट या जाळ्यातील वीसहून अधिक ठाण्यांनी टिपला. तरी १३ ऑक्टोबर १९९९ रोजी अमेरिकन सेनेटने करार ५१ विरुद्ध ४८ मतांनी फेटाळला तेव्हा पडताळणी पुरेशी नाही हे एक प्रमुख कारण देण्यात आले. मोजमाप पाच पटींहून सुधारले. विशेषण होते तेथेच राहिले.

भारताचा या कथेतील भाग लहान असला तरी आमच्या वाचकांनी तो पाहण्यासारखा आहे. २ एप्रिल १९५४ रोजी नेहरूंनी लोकसभेत चाचण्या स्थगित करण्याची सूचना केली. १९५६ साली दौलतसिंह कोठारी यांच्या मार्गदर्शनाखाली अणुस्फोटांच्या परिणामांवरील जे पुस्तक सरकारने प्रसिद्ध केले ते सर्वस्वी खुल्या माहितीवर रचलेले होते. १६ एप्रिल १९६२ रोजी भारतासह आठ तटस्थ राष्ट्रांनी जिनीव्हात निवेदन दिले की, संशयित घटनांची छाननी नामवंत शास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय आयोगाकडे सोपवावी. दोन्ही पक्षांनी ते मान्य केले आणि लगेच त्याचे दोन अर्थ केले : आयोगास तपासणीस बोलाविणे अमेरिकेच्या मते बंधनकारक, सोव्हिएट मते ऐच्छिक. येथेही शास्त्रज्ञांच्या नावलौकिकावर एका क्रियापदाचा भार टाकलेला होता.

आणि १९९८ नंतर हा प्रश्न आमच्या घरात आला. ११ मे रोजीच्या पोखरण चाचण्यांतील औष्णिक-आण्विक स्फोट ४० किलोटनांहून अधिक क्षमतेचा होता असे भारतीय अणुशास्त्रज्ञांनी जाहीर केले; परदेशी भूकंपशास्त्रज्ञांचे अंदाज एकंदरीनेच पुष्कळ कमी भरले. १३ मे रोजीचे दोन लहान स्फोट तर बाहेरच्या ठाण्यांस दिसलेच नाहीत. पोखरणचा खडक कसा, त्यावर कोणते माप लावावे, हा वाद सेमिपालातिन्स्कच्या वादाचाच भाऊ होय. २००९ साली, त्या चाचण्यांत प्रत्यक्ष सहभागी असलेले के. संतानम यांनी तो स्फोट अपेक्षेस उतरला नव्हता, म्हणून चाचणीबंदी करारावर सही करण्याची घाई नको, असे जाहीरपणे म्हटले. राजगोपाल चिदंबरम् व अनिल काकोडकर यांनी ते तितक्याच ठामपणे खोडून काढले. तिघेही या विषयातले जाणकार. तिघांच्याही देशनिष्ठेविषयी शंका घेण्यास जागा नाही. वृत्तपत्रांनी मात्र हा वाद कोणावर विश्वास ठेवावा अशा स्वरूपात रंगविला, आणि संतानम यांच्या वाक्यातील ‘म्हणून’ या शब्दाकडे फारसे कोणी पाहिले नाही. स्फोट १५ किलोटनांचा होता की ४५, हे ठरल्यावरही सही करावी की नाही हा प्रश्न जसाच्या तसा उभा राहतो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर देणाऱ्या मूळ नोंदी सर्वस्वी खुल्या नाहीत. दुसऱ्याचे उत्तर कोणत्याच नोंदीत नाही. आणि भारताने त्या करारावर सही केलेली नाही.